पुसलेला आरसा

आरसा म्हटला की तो पुसायचाच, हे काकूंना लहानपणापासून माहीत. पण काकांचा आरसा दुर्बिणीतला होता. काचेवर काच घासत, पिंपावर मांडलेल्या त्या काचांभोवती गोल गोल फिरत त्यांनी तो स्वतःच्या हातांनी घडवला होता. लेथवर जन्म गेलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून हात स्वस्थ बसतील तर शपथ! आणि आज दुपारी, ते झोपलेत असं बघून, काकूंनी नळीचं बूड उघडलं आणि साबणाच्या ओल्या फडक्याने तो चांगला चोळून काढला. भलं करायला गेल्या हो बिचाऱ्या! काकांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्यात इंजेक्शनं चालू होती, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हाही कधी दगा देईल नेम नाही. त्याआधी स्वतःच्या आरशातून शनीची कडी बघायची, एवढा एकच ध्यास काकांनी घेतला होता.

रात्री बागेतले दिवे मालवले होते. काकांच्या आकाशदर्शन मंडळाची माणसं हिरवळीवर दुर्बिणी मांडत होती. मंडळाचा सेक्रेटरी औषधांचं दुकान चालवायचा. कधी उगवेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळे त्याला धूमकेतू म्हणत. आज मात्र तो वेळेवर आला होता आणि नवख्यांना शिकवत होता.

"आरशावर धूळ बसली तरी बसू द्यायची. फडकं लावलं की मुलामा खरवडला, आरसा मेलाच म्हणून समजा."

काकूंनी ते ऐकलं. अगं बाई, काय करून बसले मी! सांगावं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण काका लग्नाला निघाल्यासारखे भांग पाडून उभे होते, आणि काकूंनी नुसती त्यांची कॉलर नीट केली.

धूमकेतूने वरच्या छोट्या शोधक-नळीतून बघून काकांची दुर्बीण शनीकडे रोखून दिली. पहिला मान काकांचा, तेव्हा आत कुणीच डोकावलं नाही. काका वाकले. वाकलेलेच राहिले.

"काय दिसतंय काका?"

"धुकं. नुसतं धुकं आहे रे. गेला. हाही डोळा गेला माझा." आणि तो एवढा मोठा माणूस तोंड ओंजळीत धरून हुंदके देऊ लागला.

काकूंना राहवेना. "अहो, डोळा नाही गेला! मी पुसला आरसा. दुपारी. साबण लावून."

"काकू!" धूमकेतूने कपाळावर हात मारला. "अहो, किती वर्षांची मेहनत त्यांची!"

काकांनी मान वर केली. आता काही खरं नाही, असं काकूंना वाटलं. पण ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी गळत असताना. "पुसलास? अगं वेडे, आधी नाही का सांगायचंस! आरसा काय, दुसरा घासू. चल रे, तुझ्या दुर्बिणीतून दाखव." धूमकेतूच्या खांद्यावर हात ठेवून ते जवळजवळ धावतच पलीकडे गेले.

काकू तिथेच उभ्या राहिल्या. रांगेतल्या एका बाईंनी सहज काकांच्या दुर्बिणीला डोळा लावला.

"अय्या, कडी किती सुरेख दिसतेय! लख्ख!"

काकूंनी त्यांना बाजूला सारून स्वतः पाहिलं. कडी होती. कोरून काढल्यासारखी, स्वच्छ. आरशाला काही म्हणता काही झालं नव्हतं. "देवा, नको रे," त्या पुटपुटल्या. "माझीच चूक असू दे. तो आरसा फुटू दे, पण माझीच चूक असू दे."

त्या पळत पलीकडे गेल्या, तोवर काका दुसऱ्या दुर्बिणीवर वाकले होते. त्यांनी डोळा चोळला, पुन्हा लावला, पुन्हा चोळला. धूमकेतूने तोंड फिरवलं.

काकांनी वळून हवेत हात पुढे केला. काकूंनी तो घट्ट पकडला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हाही पुसलास का?"

"हो," काकू म्हणाल्या. "सगळे पुसले मी."