फिक्स केलेल्या रेघा

बाळंतपणाला धारूरला गेलेली महादेवी पाच महिन्यांनी केजला परतली, तर तिच्या खुर्चीत तिची धाकटी जाऊ शिवांजली. आणि बसली होती तीही कशी, ऐसपैस मांडी घालून!

केजमध्ये तेव्हा कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक महादेवीच्या नवऱ्याकडे, सोमेश्वरच्या पेरणी यंत्रांच्या वर्कशॉपात. आयटीआयला ड्राफ्ट्समन झालेल्या बायकोसाठीच तो पुण्याहून आणला, असं सोमेश्वर चारचौघांत सांगायचा. आता म्हणत होता, "पोरगं लहान हाय, तू घरी बघ. शिवांजलीला जमतंय की." महादेवीच्या पोटात ते वाक्य हिरव्या मिरचीसारखं जळत राहिलं.

एका सकाळी बाळाला खांद्यावर टाकून ती मुद्दाम वर्कशॉपात गेली. पडद्यावर पाच फणांच्या, म्हणजे बी सोडणाऱ्या पाच दातांच्या, यंत्राचं स्केच होतं. स्केचमधली रेघ निळी असली की ती मोकळी. माउसने ओढली तर सरकते. तिचं माप दिलं, ती कुणाच्या मधोमध, कुणाला समांतर हे सांगितलं, की काळी होते, जागा सोडत नाही. शिवांजलीची एकूण एक रेघ काळी कुळकुळीत.

"बघा ना ताई, एक बी निळी न्हाई."

"बघितलं," महादेवी म्हणाली. स्वतःला हे साधायला तिला तीन महिने लागले होते. मग तिने वाकून नीट बघितलं, आणि आलेलं हसू बाळाच्या टोपड्यात लपवलं. पोरीने मापं दिलीच नव्हती! बारा-बारा इंचांवर फण काढून प्रत्येक रेघेला 'फिक्स' करून टाकलं होतं. जिथं आहे तिथं खिळा ठोकला, झालं. रेघा काळ्या दिसतात, पण एक अंतर बदलायचं म्हटलं की सगळं अडून बसतं.

सांगावं? नाही सांगितलं. पडू दे तोंडावर, ह्यांच्या देखत पडू दे.

दोनच दिवसांत नांदूरघाटचे सुग्रीवराव आले. "शेठ, बारा इंच न्हाई चालत आपल्याला. तुरीला दीड फूट पायजे. आन् बियाण्याची पेटी मोठी. आधी कागदावर दाखवा, मग बोलू."

"अठरा कर गं," सोमेश्वर म्हणाला.

शिवांजलीने अठरा टाकलं. अर्धं चित्र चूक दाखवत लालभडक झालं, फण जागचे हलेनात. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल.

"रुसलं का काय हे?" सुग्रीवराव म्हणाले. "आमचा सुतार खडूनं काढतोय की दोन मिनटात!"

सोमेश्वरचे कान तापले. बाळाला घेऊन दारात उभ्या महादेवीला मात्र माठातलं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. तेवढ्यात शिवांजलीने वळून सरळ तिच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "परवा तुमाला कळलं होतं ना ताई? मग कावून न्हाई सांगितलं?"

"सरक," एवढंच म्हणून महादेवीने बाळ जावेच्या हातात कोंबलं आणि खुर्ची घेतली.

तिने एकेक फिक्स काढला. रेघा भराभर निळ्या झाल्या. मधला फण मधल्या रेघेवर बसवला, दोन्ही बाजू सारख्या बांधल्या, चारही अंतरं एका मापाला जोडली आणि अठरा टाकलं. फण हाताच्या बोटांसारखे पसरले आणि काळे होऊन थांबले.

"आँ!" सुग्रीवराव म्हणाले. "आता पंधरा करून दाखवा."

"काका, पेरायचंय का खेळायचंय?"

सुग्रीवराव खो खो हसले. सोमेश्वर म्हणाला, "उद्यापासून तूच बस बाई."

जिंकली होती ती. पण मागे इतकं सामसूम कसं? तिने वळून बघितलं. सासूबाईंकडेही न टिकणारं तिचं बाळ शिवांजलीच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं. लाळेने तिचं पोलकं भिजलेलं. खुर्चीसाठीसुद्धा महादेवीचं इतकं जळलं नव्हतं.

"दे इकडं त्याला."

"झोपलाय ताई. राहू द्या की."

"दे म्हणते ना!"

बाळ उठलं आणि टाहो फोडून रडलं. महादेवीने त्याला छातीशी घट्ट धरलं. आता माउस धरायला हात कुठला?

"पेटीचं राहिलं की अजून," सोमेश्वर म्हणाला.

महादेवी उठली, पायाने स्टूल ओढून खुर्चीला लावलं आणि बाळाला घेऊन त्यावर बसली.

"बस खुर्चीत. आधी मधली रेघ काढ. आणि फिक्सला हात लावलास तर बघ!"

"न्हाई लावत." शिवांजली बसली. "पण पुढच्या बारीला आधी सांगाल ना?"

"बघू," महादेवी म्हणाली.