डोळ्यातलं पाणी

डॉक्टर नलिनीबाईंनी गुणाजीचा मिटलेला डावा डोळा बोटांनी दाबून धरला, झटकन सोडला, पुन्हा दाबला.

"आता?"

"काळोख."

उजवा डोळा दहा वर्षांपूर्वीच लोखंडाचा कीस उडून गेला होता. हा डावा तासाभरापूर्वी मरोळच्या कारखान्यात पाइप जोडताना दिवा घालवावा तसा विझला. बायको सुगंधा नेमकी डबा घेऊन आली होती. कारखान्यातले म्हणाले, एरंडेल घाला, उद्या बघू. तिने कोणाचं ऐकलं नाही. रिक्षात घालून त्याला तडक अंधेरीच्या या दवाखान्यात आणलं.

"डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी नस तुंबलीय," डॉक्टर म्हणाल्या. "पडदा फार वेळ उपाशी राहिला तर मरतो. सुईने डोळ्यातलं थोडं पाणी काढावं लागेल."

"ह्यांच्या डोळ्यातनं पाणी?" सुगंधाला त्याही वेळी हसू फुटलं. "बाई, गिरणी बंद पडली, सासूबाई गेल्या, एक टिपूस आला नाही. तुम्ही कुठनं काढणार?"

गुणाजी हसला नाही. तो मनात पाइप जोडत होता.

"म्हणजे पुढचं प्रेशर सोडायचं, की मागच्या जोराने अडकलेला कचरा सरकतो."

"अगदी तसंच. पण सरकेलच असं नाही हं."

"सोडा तर मग."

एकटा आत जायला मात्र तो तयार होईना. डॉक्टरांनी सुगंधालाही आत घेतलं, टेबलाच्या पायथ्याशी उभं केलं.

"आवाज अजिबात नको. हे दचकले तर सुई लागेल."

बधिर करणारे थेंब घालून झाले. केसासारखी सुई बुबुळाच्या कडेतून आत गेली. बाईंचा हात तसूभर हलला नाही. नळीत चढला तो जेमतेम एक थेंब, दवासारखा स्वच्छ. देवा रे, एवढंसं! एवढ्याशावर माणसाचं सगळं जग अडलंय? सुगंधा थक्क होऊन बघतच राहिली. तिच्या गालांवर धारा लागल्या, पण पदर तोंडात कोंबून तिने हूं की चूं केलं नाही.

सुई बाहेर आली. डॉक्टर घड्याळ बघत बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

शेवटी त्यांनी त्याच्यासमोर तीन बोटं धरली.

"किती?"

त्याने बोटांकडे लक्षच दिलं नाही. मान किंचित उचलून तो पायथ्याकडे बघत होता.

"अगो, रडतंस कित्याक?"