तळ्याकाठची गाडी

दैनिकात दर आठवड्याला सरकारी निर्णय सोपे करून सांगायची, म्हणून ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. त्या आठवड्यात तिने लिहिलं, की शहराचा सगळा कचरा तळ्याकाठच्या वस्तीमागे टाकायचं ठरलंय, आणि ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात ती घाण उतरणार त्यांना कुणी साधं विचारलेलंही नाही. लेख वस्तीत हातोहात फिरला.

सकाळीच फोटोग्राफरचा फोन आला, "लोकांनी गाड्या अडवल्यात. लगेच ये."

ती पोचली तेव्हा पहिल्या गाडीच्या काचांचा चुरा झाला होता. ड्रायव्हरला केस धरून खाली ओढलं होतं, येईल तो लाथा घालत होता. तो कुशीवर वळला आणि तिला चेहरा दिसला. तिचा धाकटा दीर. कचऱ्याची गाडी तो चालवतो हे तिला माहीत होतं. त्याला याच रस्त्यावर धाडतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

"सोडा त्याला," म्हणत ती गर्दीत घुसली.

एका बाईने तिला ओळखलं. "तूच ना ते लिहिणारी? आमचे डोळे उघडलेस बाई." एवढं बोलून तिने हातातली वीट त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडलेलं ऐकू आलं.

मास्तरीण दिराच्या अंगावर आडवी पडली. कुणीतरी उगारलेला गज तिच्या मनगटावर बसला. लेखिकेलाच मारलं म्हटल्यावर घोळका पांगला.

दवाखान्यात सासूबाई म्हणाल्या, "लिहून लिहून घरचाच पोर खाल्लास."

"आई, गप्प बस," दीर कण्हत म्हणाला. "वहिनीने खोटं नाही लिहिलं. गाडीतून गळणारं काळं पाणी मी रोज बघतो." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पण वहिनी, गाडी कोण चालवतं तेही लिहायचं होतंस."



पोलीस आले. वीट मारणारीचं वर्णन तिने जसंच्या तसं सांगितलं. मग पुढचा लेख उतरवून घ्यायला नवऱ्याला कागद घ्यायला लावला, कारण तिचा हात प्लास्टरमध्ये होता. आधी दिराचा गुडघा सांगितला, मग तळ्याचं पाणी.

पुढे कचरा तिथे टाकणं थांबलं. वीटवाली तुरुंगात गेली. वस्तीतल्या बायका मास्तरणीला पाहून रस्त्यात थुंकू लागल्या, आणि दीर कुबडी घेऊन डेपोच्या फाटकावर गाड्यांच्या नोंदी करायला बसू लागला.