तटाखालची बाग

“माझा पासपोर्ट माझ्याकडं द्या, साहेब.”

“हरवून बसाल तुम्ही, मल्हारीमामा,” अमित गाडीतून सामान काढत म्हणाला.

मल्हारीच्या मनातली शंका जाईना. दिंडोरीत तीस वर्षं द्राक्षं छाटणारा माणूस तो. वायनरीचा हा मॅनेजर त्याला ‘तिकडची छाटणी शिका’ म्हणून पंधरा दिवस स्पेनला का आणील? शेजारचा बारकू असाच एका मुकादमाबरोबर परदेशी गेला आणि दोन वर्षं अडकून पडला होता.

गाव डोंगरमाथ्यावर, जुन्या तटबंदीच्या आत. दगडी घरं, निम्म्यांना कुलपं. तटाखाली बाग, बुटकी, जुनाट खोडं, ना मांडव ना तारा. फेब्रुवारीच्या थंडीत मल्हारी कात्री चालवू लागला.

दुसऱ्या दिवसापासून काळी शाल पांघरलेली एक म्हातारी त्याच्या मागे येऊ लागली. तो पुढे सरकला की ती वाकून प्रत्येक खोड निरखायची.

“हिला माझ्यावर पाळतीला ठेवलंय का?” त्याने अमितला विचारलं.

“अहो, बाग तिचीच होती. नवरा गेल्यावर विकली.”

दहाव्या दिवशी तिने त्याचा हातच धरला. दोन बोटं दाखवून भराभर बोलली. अमितला तिथली भाषा जुजबी येत होती.

“म्हणते, तिचा नवराही छाटताना काडीवर फुटव्याचे दोनच डोळे ठेवायचा. तुम्ही बाग जगवताय.”

मल्हारीला बरं वाटलं. पण ती गेल्यावर अमित हळूच म्हणाला, “मार्चमध्ये नवा मालक मशीन लावून हे सगळं उपटणार आहे.”

“मग मला कशाला छाटाया लावलं?”

“शिकायला. चुकलं तरी नुकसान नाही.”

“तिला ठाव हाय?”

“नाही. विकत घेताना बाग राखीन, असा तिला शब्द दिला होता त्यानं. आपण पाहुणे आहोत मामा, आपण बोलायचं नाही.”

इतके दिवस मल्हारी आपल्याला कोण फसवतंय ते हुडकत होता; फसली होती ती म्हातारी.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने छाटलेल्यातल्या चांगल्या जाड, रुजतील अशा काड्या निवडल्या, ओल्या गोणपाटात बांधल्या आणि तिचं दार वाजवलं. बागेकडे बोट केलं. मग मूठ आवळून, झाड मुळासकट उपटावं तसा हात वर ओढला.

ती आधी त्याच्यावरच ओरडली. मग एकदम थांबली. बागेकडे बघत राहिली. शेवटी जुडी तिने ओढूनच घेतली.

“काय सांगितलंत तिला?” अमितने गाडीत विचारलं.

“मला कुठं त्यांची भाषा येती?”

गाडी वळणावर आली. मल्हारीने मागे पाहिलं. काड्यांची जुडी शेजारी ठेवून म्हातारी दारापुढची फरशी पहारीने उचकटत होती.