जैतुनबीच्या नावापुढचा शब्द

"परत वाचा, भाऊ," जैतुनबी म्हणाली.

नाशिकच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसलेल्या रंगनाथने पुन्हा वाचलं, "बदनामी करणारी : जैतुनबी महेबूब शेख, राहणार इगतपुरी."

तिचा नवरा महेबूब जहाजावर खलाशी होता. दारू पिऊन समुद्रात पडला, असं कंपनीने कळवलं होतं. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाच्या नावावरचा हा डाग पुसायचा, एवढ्याचसाठी तिने धनराज वकिलांना गाठलं. जहाज ज्या देशाचं, तिथल्या समुद्री कोर्टाचे इंग्रजी कागद आले आणि मराठी करून तिची सही घ्यायचं काम रंगनाथकडे आलं.

"बदनाम तो झाला, आन् बदनामी करणारी मी?"

"कोर्टाचा शब्द आहे, बाई. मी पदरचं काही घालत नाही."

खरं तर 'लिबेलंट' या शब्दाशी तो अडला होता. पण लायबल म्हणजे बदनामी, हे कोर्टातला चहावालाही सांगेल! बावीस वर्षं भाषांतरं करणाऱ्याने डिक्शनरी उघडायची म्हणजे कमीपणाच की.

"म्हंजे कोर्टानं आधीच ठरवलंय. नाय करत मी सही."

मराठी कागद पिशवीत घालून ती निघून गेली. "बाई फिरली," असं रंगनाथने वकिलांना सांगून टाकलं आणि जेवायला गेला.

दोन वर्षांनी, नव्व्याण्णव साली, चर्चच्या एका जुन्या तंट्याचा कागद आला. त्यातही तोच शब्द. रंगनाथचं मराठी वाचून धनराज वकील हसत सुटले.

"अहो, फादरलाच बदनामी करणारा केलंत! चर्चच्या नि समुद्राच्या कोर्टात लिबेलंट म्हणजे वादी. दावा लावणारा, बस्स."

"समुद्राच्याही?"

वकिलांचं हसू मावळलं. "जैतुनबीच्या दाव्याची मुदत केव्हाच संपली, रंगनाथराव."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी तो इगतपुरीला गेला. दारातच, वर न बघता, त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मी दावा लावणारी होते?"

"हो. वादी. मला शब्द येत नव्हता, आणि मी कुणाला विचारलं नाही."

शिव्या खायच्या तयारीनेच तो आला होता. जैतुनबी आत गेली आणि तोच कागद घेऊन आली. घड्यांवर तो विरला होता.

"आता बरोबर लिहा."

"आता कोर्टात उपयोग नाही, बाई."

"कोर्टासाठी नाय. आमची इन्शा वाचायला शिकली. इचारते, अम्मी, तू अब्बाची बदनामी केली का?"

रंगनाथला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याने ते दोन शब्द खोडले आणि वर 'वादी' लिहिलं. इतक्या वर्षांचं वळणदार अक्षर, पण आज वाकडं आलं.

जैतुनबीने त्याच्याकडून पेन मागून घेतलं. खाली सहीची जागा रिकामीच होती. उंबऱ्यावर कागद टेकवून, एकेक अक्षर जुळवत तिने तिथे सही केली.