मला ऐकू न आलेलं बोलणं

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. शेंगेएवढा माझा देह, कानामागे बसणारा. घरात मला नुसतं ‘मशीन’ म्हणत. मित्रांनो, मी स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझी मालकीण चार वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिच्या कानाचा साचा घेऊन माझी कानात बसणारी गुंडी बनवली. मी चालू झालो, मागून आईने हाक मारली आणि भिंगरी गर्रकन वळली. त्या दिवसापासून आईने मला डोक्यावर घेतलं. “मशीन कसलं, माझ्या लेकीचा कान आहे तो!” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. झोपताना मला ओलावा शोषणाऱ्या मण्यांच्या डबीत ठेवी. मी फुगलो नसतो तरच नवल.

एक गोष्ट मात्र मी लपवली. मी आवाज मोठा करतो. त्यातला हवा तो निवडणं मला जमत नाही. मधल्या सुट्टीत डब्यांची झाकणं, सरकणारी बाकं आणि मुलींच्या गप्पा, सगळं कालवून मी भिंगरीच्या कानात ओतत असे. मुली हसल्या की ती जरा उशिराने हसे. “काय म्हणालीस?” असं तिने विचारलं, तर एखादी जवळ येऊन म्हणे, “जाऊ दे गं, काही नाही.” जवळून बोललेलं हे वाक्य मी अगदी स्वच्छ ऐकवी. दिवसातून पाच-सहा वेळा.

घरी आई विचारी, “कशी झाली शाळा?”

“छान.” विषय संपला.

भिंगरी आठ वर्षांची झाली. दर शनिवारी ती उच्चारांच्या सरावाला जाई. तिथे तिला दोन वेण्यांची एक मुलगी भेटली. ती हातांनी बोलायची. तिच्यापाशी बसून भिंगरीही भराभर शिकली. वेणीवाली दिसताच ती मला काढून दप्तरात टाकी. डबीत नव्हे, खोडरबराशेजारी! माझा जळफळाट झाला. चार वर्षं राबलो मी, आणि कौतुक दहा बोटांचं?

आईलाही ते सलत होतं. “माझ्याशी अशी कधी खिदळते का ही?” ती पुटपुटली. मग भिंगरीला म्हणाली, “हातवारे करत बसलीस तर बोलणं विसरशील.” तिने सरावाचा वारच बदलून घेतला. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.

महिनाभर भिंगरी दिवसभर मला घालून असे आणि अवाक्षर काढत नसे. एका सकाळी तिने मला बशीत ठेवलं आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. शाळेला जायचं नाही म्हणे.

आई रडवेली होऊन सराव घेणाऱ्या बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, “अहो, हातांनी बोललं म्हणून जीभ गंजत नाही. दिवसभर कान ताणून पोर थकते. तुम्हीच शिका की.”

“मी? या वयात?”

“का, तुम्हाला हात नाहीत?”

आई शिकली, वेणीवालीकडूनच. एका संध्याकाळी तिने स्वतः भिंगरीच्या कानातून मला काढलं, टेबलावर ठेवलं आणि ती लेकीसमोर बसली. गडबडीत मला बंद करायचं राहिलं. मी कान टवकारले. बाह्यांची सळसळ, एक खुर्ची सरकली, एक हुंदका. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोघींचं हसू. सकाळी भिंगरीने आपण होऊन मला कानावर चढवलं आणि ती शाळेत गेली. आईही सोबत गेली, वर्गाच्या बाईंशी बोलायला.

आता तिच्या कानामागे नवं मशीन आहे आणि मी खणात. त्याचाही हेवा वाटतो, पण तो किरकोळ. त्या संध्याकाळी दोघी काय बोलल्या, ते मला आजवर कळलेलं नाही.

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला कोरडं ठेवा, सेल वेळेवर बदला. पण एखाद्या मुलीने आम्हाला काढून ठेवलं, तर तिच्यावर रागावू नका. तिच्यासमोर बसा, हातांनी, चित्रांनी, जसं जमेल तसं विचारा. मी जळेन. खुशाल जळू द्या.