पेन्याफिएलची फोडणी

मी बोलतोय, एक छोटा प्रवासी राइस कुकर. मुक्काम चोआ चू कांग, सिंगापूर. इथल्या नव्या फ्लॅटांमध्ये, उद्या युद्ध झालंच तर लपायला म्हणून, जाड लोखंडी दाराची एक खोली बांधून दिलेली असते. आमच्या घरातल्या त्या खोलीत मी, गणपतीचं मखर आणि बासमतीची दोन पोती असे लपलो होतो. युद्ध आलं तर माणसांनी कुठे जायचं, हा त्यांचा प्रश्न.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते २००६ च्या मे महिन्यात, सेरंगून रोडवरच्या एका दुकानात. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या प्रबोध आठल्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि बायकोला म्हणाले, "सुरेखा, हा घेऊन टाकू. आता स्पेनला तुझी काही गैरसोय होणार नाही." बायकोची सोय बघण्याची ही तऱ्हा मला तेव्हाच कळायला हवी होती.

प्रबोधरावांच्या पोटाला बाहेरचं सोसत नाही, हे त्या घरातलं ब्रह्मवाक्य. ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरच्या झणझणीत नूडल्स सोसतात. पण त्या साहेबांबरोबर खाल्लेल्या असतात, त्यामुळे त्या बाहेरच्या धरत नाहीत.

सुरेखाचं सगळं लक्ष एका किल्ल्यावर होतं. कॉलेजात असताना ती सुट्टी मिळाली की सह्याद्रीतला एखादा गड चढून यायची. लग्न होऊन सिंगापुरात आली आणि चढायला उरला तो लिफ्ट बंद पडल्यावरचा जिना. मग तिला एका पुस्तकात दुएरो नदीचं खोरं दिसलं, तिथले द्राक्षमळे दिसले आणि त्यांच्या मधोमध टेकडीवर उभा असलेला पेन्याफिएलचा किल्ला दिसला. "बाकी काही दाखवू नकोस, प्रबोध," ती म्हणाली. "एवढा एक मला चढायचाय."

झालं, निघालो. बॅगेत माझ्या शेजारी मूगडाळ, मेतकूट, गोडा मसाला आणि तिथल्या भिंतीत बसेल असा प्लग. बॅगेबाहेर चौदा वर्षांची लेक चैत्राली, आणि निशिकांत. निशिकांत हा प्रबोधरावांचा बँकेतला मित्र. त्याची बायको महिनाभर माहेरी जाणार होती. बिचाऱ्याच्या जेवणाची आबाळ होऊ नये, म्हणून त्याला स्पेनला नेलं.

पेन्याफिएलमध्ये आमचं हॉटेल म्हणजे पूर्वीचं दगडी कोठार. खोलीच्या खिडकीतून किल्ला समोरच दिसायचा, टेकडीच्या माथ्यावर जहाज टेकवून ठेवावं तसा लांबट. पहिल्या सकाळी मंडळी तिकडे निघाली. "तू वरणभात लावून मागून ये," प्रबोधराव दारातून म्हणाले, "आम्ही पुढे होऊन बघून ठेवतो." किल्ला म्हणजे काय लग्नाचं स्थळ होतं, आधी बघून ठेवायला?

माझं भांडं एकच. त्यात आधी भात, तो काढून वरण, मग भांडं पुसून फोडणी. सुरेखा खिडकी सताड उघडून, टॉवेलने वारा घालत, चिमूटभर मोहरीची फोडणी करायची, कारण छतावर धुराची घंटा होती. हे सगळं उरकून ती पायथ्याशी पोचेपर्यंत किल्ला दुपारच्या विश्रांतीसाठी बंद झाला, आणि आमची मंडळी भुकेली होऊन खाली आली. "काही चुकलं नाही गं तुझं," प्रबोधरावांनी भात कालवत धीर दिला. "आपल्या राजगडापुढे हा म्हणजे चबुतरा." राजगड त्यांनीही पाहिला होता. कॅलेंडरवर. संध्याकाळी किल्ला पुन्हा उघडला, तेव्हा खिचडीची वेळ झाली होती.

दुसरा दिवस द्राक्षमळ्यांचा. मीही गेलो, पोटात दहीभात घेऊन. टेकडी पोखरून केलेली वाईनची जुनी तळघरं पाहिली. त्यांना हवा मिळावी म्हणून जमिनीतून दगडी झरोके वर काढलेत. ते बघून निशिकांतने विचारलं, "खाली स्वयंपाक चालतो का हो?" या माणसाला जगात दुसरं काही सुचतच नाही. दोघांनी पेले फिरवले, हुंगले, "ओकचा वास येतोय" म्हणून माना डोलावल्या, आणि मग दहीभातात मीठ कमी असल्याचं त्यांच्या जिभेने बरोबर ओळखलं. गाइड नदीचा इतिहास सांगत होता, तेव्हा सुरेखा चौघांना बसायला सावली शोधत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारची बस होती. सकाळीच सुरेखाने बूट घातले, लेस आवळली.

"अगं, नुसती खिचडी टाक," प्रबोधराव पेपर उघडत म्हणाले. पेपर स्पॅनिश होता. "दहा मिनिटांचं तर काम. मग जाऊच की!"

"वहिनी, सोबत पापड असला तर..." निशिकांतने पुस्ती जोडली.

सुरेखा बुटांसकट माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिचे डोळे भरले होते, ते फक्त मलाच दिसत होते, आणि त्या क्षणी मला माझ्या जन्माची लाज वाटली. मग तिने खिडकीतून किल्ल्याकडे पाहिलं. मग छताकडे. उठली, शांतपणे खिडकी लावून घेतली.

तेल तापलं. मोहरी, हिंग, आणि नंतर मूठभर सुक्या लाल मिरच्या. भांडं फार तापलं की माझा खटका आपोआप वर उडतो. तिने तो बोटाने दाबून धरला.

काय ठसका तो! घंटा अशी कोकलली की अख्खं हॉटेल अंगणात. कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या दाढीवर. निशिकांत खोकत खोकत विचारत होता, "खिचडी करपली का?" मॅनेजर आला, अतिशय नम्रपणे मला बखोटीला मारलं, आणि निघताना परत मिळेल म्हणाला.

"आता जेवायचं काय?" प्रबोधराव हवालदिल.

"गावात खाणावळी आहेत," सुरेखा म्हणाली. "विचारलंस की सापडतील. मी किल्ल्यावर चाललेय."

"अलामाक! आई, वेट फॉर मी लाह!" चैत्राली आपल्या सिंगापुरी इंग्रजीत "अगं बाई, थांब" म्हणत मागे धावली.

मला काउंटरवर ठेवलं होतं. समोर काचेचं दार, त्यातून सबंध टेकडी दिसायची. सुरेखाचा पिवळा कुडता वळणावळणाने वर जाताना मी पाहिला. मधे तो दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने तटावर एक पिवळा ठिपका उगवला आणि त्याने दोन्ही हात वर केले. मी कुकर आहे, मला वाफेपलीकडे काही येत नाही. पण तेव्हा आनंद झाला, एवढं नक्की.

दरम्यान प्रबोधरावांनी लाकडाच्या भट्टीत भाजलेलं कोकरू खाल्लं. दोनदा मागून घेतलं. पोटाने चकार शब्द काढला नाही. सुरेखा परतली ती बूट धुळीने माखलेले, गाल लालबुंद. "मिरच्या जरा जास्तच पडल्या वाटतं," प्रबोधराव म्हणाले. "हो ना," ती म्हणाली. ताकास तूर लागू दिली नाही. मी साक्षीदार, पण मला कोण विचारतो?

सिंगापूरला आल्यावर तिने मला धुऊन, पुसून त्या लोखंडी दारामागे ठेवलं. आता दर शनिवारी सकाळी मायलेकी बुकित तिमाहच्या टेकडीवर जातात. तिथे किल्ला नाही, पण चढ आहे.

आणि परवा प्रबोधरावांनी मला बाहेर काढलं. येत्या जूनमध्ये पोर्तुगाल, दुएरो समुद्राला मिळते तिथवर. निशिकांतची बायको पुन्हा माहेरी जाणार आहे. सुरेखा म्हणाली, "कुकर घे की. पण लावायचा तू. आधी घरी करून बघ."

म्हणून आज शनिवारी सकाळी मी ओट्यावर आहे. सुरेखा दारात बुटाची लेस बांधत होती, तेव्हा प्रबोधरावांनी विचारलं, "अगं, पाणी किती घालायचं?"

"अंदाजाने," ती म्हणाली, आणि दार ओढून गेली.

तर वाचकहो, माझ्यात सध्या वाटीभर तांदूळ आणि गळ्यापर्यंत पाणी आहे. प्रबोधराव हाताची घडी घालून समोर उभे आहेत, भात होण्याची वाट बघत. खटका खाली दाबावा लागतो, हे त्यांना कुणीतरी सांगा हो. ती दोन तास येणार नाही.